सायबर लॉ टूलकिट वापरून बघितलं: लॉगमधे आयपी दिसला म्हणजे देश सापडला का?

आधी सांगतो की मी वकील नाही. सर्व्हर, फायरवॉल, बॅकअप हे माझं काम. मग कायद्याच्या वेबसाइटचा रिव्ह्यू मी का लिहितोय, तर त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी जिथे काम करायचो तिथल्या सिस्टिममधे रात्रीत कोणीतरी घुसलं, सकाळी निम्म्या फाइल्स उघडेनात, आणि दुपारच्या मीटिंगमधे पहिला प्रश्न आला तो "हे कुठल्या देशाने केलं?" मी लॉग, म्हणजे सिस्टिमने आपोआप ठेवलेल्या नोंदी, बघून बसलो होतो, एका परदेशी आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या मशीनच्या पत्त्यावरून, तासन्‌तास ट्रॅफिक दिसत होतं, मी त्या देशाचं नाव सांगितलं आणि रिपोर्टमधेही लिहून टाकलं. तीन आठवड्यांनी कळलं की तो आयपी म्हणजे भाड्याने दिलेला एक सर्व्हर, तोही आधीच कोणीतरी हॅक केलेला, आणि त्याच्यामागे अजून दोन सर्व्हर, दोन वेगळ्याच देशांतले. रिपोर्ट मी दुरुस्त केला, पण ती गोष्ट डोक्यातून जाईना. माझ्या रिपोर्टमधली चूक एका ईमेलने सुधारता आली. एखाद्या सरकारने तेवढ्याच पुराव्यावर दुसऱ्या देशाचं नाव जाहीरपणे घेतलं आणि त्यावर काही पाऊल उचललं, तर ते मागे कसं घेणार?

या प्रश्नाच्या मागे लागून मी जे जे वाचलं त्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते सायबर लॉ टूलकिट. ही एक फुकट वेबसाइट आहे, लॉगिन लागत नाही, जाहिराती नाहीत, रचना विकीसारखी. मे २०१९ मधे टॅलिनला, म्हणजे एस्टोनियाच्या राजधानीत, सुरू झाली तेव्हा तिच्यात १३ सिनॅरिओ होते, आता तिसाच्या घरात आहेत आणि दरवर्षी थोडी भर पडते. सिनॅरिओ म्हणजे एक बनवलेली गोष्ट, त्यात देशांना खरी नावं नाहीत, देश ए, देश बी असंच. देश बीमधून देश एच्या वीजयंत्रणेवर हल्ला झाला, किंवा देश एच्या निवडणुकीच्या आधी कोणीतरी मतदार यादीत घुसलं, अशी परिस्थिती मांडतात आणि मग आंतरराष्ट्रीय कायदा याबद्दल काय म्हणतो ते टप्प्याटप्प्याने सोडवून दाखवतात.

खरी नावं नसण्याचा फायदा मला पहिल्याच संध्याकाळी जाणवला. आपण बातमी वाचतो तेव्हा देशाचं नाव दिसताक्षणी मनात निकाल लागलेला असतो, पुढचं सगळं वाचन त्या निकालाला टेकू द्यायला. देश ए आणि देश बी म्हटलं की ती सोयच राहत नाही, नुसती घटना समोर राहते आणि विचार करावाच लागतो.

चालवतं कोण हेही बघून घ्या, कारण या विषयात मजकूर कोणी लिहिलाय याला फार महत्त्व आहे. साइट टॅलिनमधल्या नाटोशी जोडलेल्या सायबर संरक्षण केंद्राच्या सर्व्हरवर आहे, ते केंद्र २००८ मधे सुरू झालं, म्हणजे एस्टोनियाच्या बँका, वर्तमानपत्रं आणि सरकारी साइट्सवर २००७ मधे जो हल्ल्यांचा मारा झाला त्याच्या पुढच्या वर्षी. पण प्रोजेक्ट एकट्या त्यांचा नाही. रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती त्यात आहे, एक्सेटर विद्यापीठ आहे, चेक प्रजासत्ताकाची राष्ट्रीय सायबर संस्था आहे, अमेरिकेचं नेव्हल वॉर कॉलेज आहे आणि चीनचं वुहान विद्यापीठही आहे. शेवटची दोन नावं एकाच यादीत बघून मला बरं वाटलं, खरंच. सरकारं एकमेकांशी बोलत नसली तरी या दोन ठिकाणचे अभ्यासक एकाच कामाला हातभार लावतायत.

आता आत काय मिळतं ते. प्रत्येक सिनॅरिओचे ठरलेले भाग असतात, आधी गोष्ट, मग तशा खऱ्या घडलेल्या घटना, मग कायद्याचं विश्लेषण आणि शेवटी चेकलिस्ट. विश्लेषणामधे घड्या घातलेले बॉक्स आहेत, क्लिक केलं की उघडतात, त्यात मूळ नियम काय, तो कुठून आला, त्यावर मतभेद काय हे लिहिलेलं असतं. ज्याला नियम माहीत आहेत त्याने बॉक्स न उघडता पुढे जावं, माझ्यासारख्याने प्रत्येक बॉक्स उघडावा. मला पहिला सिनॅरिओ संपवायला तीन रात्री लागल्या आणि त्यातली दीड रात्र बॉक्समधेच गेली.

मी सुरुवात केली ती चौदाव्या सिनॅरिओपासून, रॅन्समवेअरच्या (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर), कारण तो माझा विषय. एका देशातल्या नगरपालिका आणि दवाखाने रॅन्समवेअरने बंद पडलेत, हल्ला करणारी टोळी दुसऱ्या देशात बसलीये, ती सरकारी नाही. मला वाटलं होतं की आता ते सांगतील, बी देश दोषी आहे की नाही. तसं होत नाही. आधी विचारतात, ही टोळी बी देशाच्या सांगण्यावरून काम करत होती का, तिच्यावर त्या देशाचं नियंत्रण होतं का. टोळी तिथे राहते एवढं पुरत नाही. हे सिद्ध झालं नाही तर पुढचा प्रश्न, ठीक आहे, केलं नसेल, पण आपल्या जमिनीवरून हे चाललंय हे बी देशाला माहीत होतं का, आणि माहीत असून जे करता आलं असतं ते केलं का. हा पूर्ण वेगळा आरोप आहे. आणि मग तिसरा टप्पा, मार खाल्लेल्या ए देशाने काय करायचं, नुसती राजनैतिक नाराजी, की प्रत्युपाय (म्हणजे समोरच्या देशाने आधी कायदा मोडला म्हणून त्याच्याविरुद्ध उचललेलं, एरवी बेकायदेशीर ठरलं असतं असं पाऊल), की परिस्थिती इतकी गंभीर आहे की ती आणीबाणीची बाब ठरते.

माझ्या त्या मीटिंगमधे आम्ही हे तिन्ही प्रश्न एकाच वाक्यात गुंडाळले होते.

दुसऱ्या प्रश्नाचा बॉक्स उघडला तर तिथे थेट १९४९ चा निकाल निघाला, कॉर्फू खाडीचा. १९४६ मधे अल्बेनियाच्या किनाऱ्यालगत ब्रिटिश युद्धनौका पाणसुरुंगांवर आदळल्या, ४४ खलाशी गेले. सुरुंग अल्बेनियाने स्वतः पेरले असं सिद्ध झालं नाही. पण आपल्या पाण्यात ते पेरले जातायत हे अल्बेनियाला माहीत नसणं शक्यच नव्हतं आणि तरी त्याने जहाजांना सावध केलं नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याला जबाबदार धरलं. आपली जमीन दुसऱ्या देशाच्या हक्कांविरुद्ध जाणूनबुजून वापरू द्यायची नाही, हे तत्त्व तिथे शब्दांत आलं. पाण्यातल्या सुरुंगांवरून निघालेलं वाक्य आज डेटा सेंटरमधल्या सर्व्हरला लावता येतं का यावर सगळी चर्चा अडकलीये, आणि हे मला कोणी दोन तास व्याख्यान देऊन सांगितलं असतं तरी एवढं कळलं नसतं. (त्याच अल्बेनियाच्या सरकारी सेवा जुलै २०२२ मधे सायबर हल्ल्याने बंद पडल्या आणि सप्टेंबरमधे त्यांनी इराणवर ठपका ठेवून राजनैतिक संबंध तोडले. दोन गोष्टी एकाशेजारी ठेवून बघाव्यात अशा आहेत.)

इथे थोडं यूएनबद्दल सांगायला लागेल, नाहीतर टूलकिटचं काय चुकतं ते मला सांगता येणार नाही. देशांनी सायबर जगात कसं वागावं ही चर्चा यूएनमधे १९९८ पासून चालू आहे, रशियाने ठराव आणला तेव्हापासून. मग सरकारी तज्ज्ञांचे गट बसले, २०१३ च्या गटाने मान्य केलं की आंतरराष्ट्रीय कायदा इथेही लागू होतो, आणि २०१५ मधे २० देशांच्या तज्ज्ञांनी ११ नॉर्म्स लिहिले. नॉर्म्स म्हणजे वागणुकीचे नियम, ऐच्छिक, बंधनकारक नाहीत. दुसऱ्या देशाच्या लोकांना ज्यावर जगायचंय त्या वीज, पाणी, दवाखाने अशा यंत्रणा मुद्दाम मोडायच्या नाहीत, मदत मागितली तर प्रतिसाद द्यायचा, सॉफ्टवेअरमधली भोकं सापडली तर जबाबदारीने कळवायची, आणि माझ्या सगळ्यात जवळचा अकरावा, दुसऱ्या देशाच्या सर्ट टीमला, म्हणजे हल्ला झाल्यावर धावून जाणाऱ्या तांत्रिक टीमला हात लावायचा नाही आणि आपल्या सर्ट टीमला हल्ल्यासाठी वापरायचं नाही. अग्निशमनवाल्यांवर दगड मारायचे नाहीत आणि त्यांच्या गाडीतून पेट्रोलही पाठवायचं नाही, इतकं साधं. २०१७ चा गट मात्र एकमत न होताच उठला. पुढे २०२१ मधे सगळ्या सदस्य देशांना दार उघडं असलेल्या गटाने तीच चौकट पुन्हा मान्य केली, आणि जुलै २०२५ मधे सिंगापूरच्या बुरहान गफूर यांच्या अध्यक्षतेखालचा पुढचा गट एकमताने संपला, त्यातून आता कायमस्वरूपी यंत्रणा उभी राहणार असं ठरलं.

२०१५ च्या त्याच अहवालात एक वाक्य आहे ते मी आधी वाचलं असतं तर माझा रिपोर्ट वेगळा झाला असता. कुठलं कृत्य एखाद्या देशाच्या जमिनीवरून किंवा तिथल्या यंत्रणेवरून सुरू झालेलं दिसतंय, एवढ्यावरून ते त्या देशाने केलं असं म्हणायला कदाचित पुरणार नाही, आणि आरोप करायचे तर ते पुराव्यानिशी करावेत, असा त्याचा अर्थ. वीस देशांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून लिहिलंय हे, आणि प्रत्येक नेटवर्कवाल्याला पहिल्या दिवशी शिकवायला हवं.

टूलकिटमधे याच्यासाठी एकविसावा सिनॅरिओ आहे, फसवणुकीमुळे भलत्याच देशाचं नाव घेतलं गेलं तर काय. वाचताना मला २०१८ चं हिवाळी ऑलिम्पिक आठवत राहिलं, प्योंगचांगच्या उद्घाटनाच्या वेळी सिस्टिम पाडणारं मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर. त्याच्या कोडमधे उत्तर कोरियाकडे बोट जाईल अशा खुणा मुद्दाम ठेवल्या होत्या, सुरुवातीला भलेभले त्या दिशेने गेले, आणि ऑक्टोबर २०२० मधे अमेरिकेने आरोपपत्र ठेवलं ते रशियन लष्करी गुप्तचर खात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर. माझ्याकडे तर तीन उड्या मारलेला एक आयपी होता, त्यांच्याकडे हातात अख्खं मालवेअर होतं तरी चकवा बसला. आणि कायद्याचा प्रश्न इथे फार अवघड होतो: फसून जर मी चुकीच्या देशावर प्रत्युपाय केला, तर ती चूक मला माफ होते का? साधारण उत्तर असं की प्रत्युपाय करणारा स्वतःच्या जोखमीवर करतो. प्रामाणिकपणे चुकलो म्हणून सुटका होईलच असं नाही. हे वाचून मी लॅपटॉप मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो.

आता टूलकिटचा जो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, तो सिनॅरिओ नाही. तो आहे नॅशनल पोझिशन्सचा विभाग. कुठल्या देशाने अधिकृतपणे काय म्हटलंय ते तिथे गोळा केलंय, आणि देशानुसारही बघता येतं आणि विषयानुसारही. सार्वभौमत्व हा विषय उघडा, सगळे देश एकाखाली एक. बातम्यांमधे आपण ऐकतो की आंतरराष्ट्रीय कायदा सायबरला लागू होतो हे सगळ्यांना मान्य आहे, आणि ते खरंही आहे, पण कसा लागू होतो यावर किती अंतर आहे ते इथे पाच मिनिटांत दिसतं. ब्रिटनच्या ॲटर्नी जनरलने मे २०१८ मधे भाषणात सांगितलं की सार्वभौमत्व हे तत्त्व आहे, पण नुसतं ते मोडलं म्हणून कायदा मोडला असा वेगळा नियम सायबरसाठी काढता येत नाही. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या संरक्षण खात्याने लिहिलं की आपल्या यंत्रणेत दुसऱ्या देशाने परवानगीशिवाय घुसणं हाच सार्वभौमत्वाचा भंग ठरू शकतो. आणि २०२४ मधे आफ्रिकन युनियनने आपल्या ५५ सदस्य देशांची मिळून जी भूमिका मांडली ती तर अजून कडक, दुसऱ्या देशातल्या यंत्रणेत सरकारने विनापरवानगी शिरणं बेकायदेशीर, नुकसान किती झालं ते मोजत बसायची गरज नाही.

म्हणजे बघा, एका देशाचा हेर दुसऱ्या देशाच्या मंत्रालयाच्या सर्व्हरमधे शिरला, काही मोडलं नाही, नुसतं वाचून बाहेर पडला. पॅरिसच्या आणि आफ्रिकन युनियनच्या कागदांप्रमाणे कायदा मोडला असं म्हणता येईल, लंडनच्या कागदाप्रमाणे नुसत्या शिरण्याने नाही. घटना एकच.

ड्यू डिलिजन्सचं तेच, म्हणजे तो कॉर्फूवाला नियम. बरेच युरोपीय देश म्हणतात तो सायबरमधेही बंधनकारक आहे, इस्राएल आणि न्यूझीलंड या दोघांनी २०२० मधे सांगितलं की तो इथे बंधनकारक नियम म्हणून रुजलाय असं आम्हाला अजून पटलेलं नाही. आणि गंमत बाजूला ठेवून सांगतो, हा वाद नुसता पुस्तकी नाही. रॅन्समवेअर टोळ्यांना जे देश सांभाळून घेतात त्यांना जाब विचारायचा तर हाच एक धागा हातात असतो, तो किती मजबूत आहे यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

आमचा एक लहान अभ्यासगट आहे, शनिवारी रात्री कॉलवर भेटतो, दोन नेटवर्कवाले, एक पत्रकार, एक कायद्याची विद्यार्थिनी, कधी अजून कोणी. टूलकिट सोडवायला लागल्यापासून गटाची भाषाच बदलली. चौदावा सिनॅरिओ आम्ही तीन शनिवार चघळला. मी आणि माझा मित्र पहिल्या पाच मिनिटांत म्हणालो, बी देश जबाबदार, संपलं. कायद्याची विद्यार्थिनी म्हणाली, "दादा, तुम्ही लोक उत्तर आधी ठरवता आणि पुरावा मग शोधता. कोण जबाबदार हे नंतर. आधी सांगा, कशासाठी जबाबदार? हल्ला केला म्हणून, की थांबवला नाही म्हणून?" त्या रात्री पहिल्यांदा मला चेकलिस्टचा अर्थ कळला. चेकलिस्ट म्हणजे शेवटी दिलेली प्रश्नांची यादी, मला ती आधी शाळेच्या पुस्तकातल्या स्वाध्यायासारखी वाटून मी सोडून दिली होती. तसं करू नका. प्रश्नांचा क्रमच खरा माल आहे, एक पायरी गाळली की पुढच्या पायरीवर भलताच देश उभा राहतो.

सतरावा सिनॅरिओ, एका देशाला मार बसला तर मित्रदेशांनी मिळून प्रत्युपाय करावेत का, हाही जोरात रंगला. एस्टोनियाच्या राष्ट्राध्यक्षांनी मे २०१९ मधे टॅलिनमधे म्हटलं की करता यायला हवेत, त्याच वर्षी फ्रान्सने लिहिलं की नाही, कायद्यात ते बसत नाही. आमचा पत्रकार मित्र फ्रान्सच्या बाजूने होता, म्हणाला उद्या दहा देश मिळून एकाला ठोकतील आणि म्हणतील कायदेशीर आहे. पण मग कोस्टारिकाचं बघितलं. २०२२ मधे रॅन्समवेअरने त्यांच्या अर्थखात्यासकट कितीतरी सरकारी कामं बंद पाडली, राष्ट्राध्यक्षांनी मे महिन्यात राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. ज्या देशाकडे सैन्यच नाही तो एकटा कसला प्रत्युपाय करणार? २०२३ मधे त्यांनी आपली भूमिका प्रसिद्ध केली आणि ती सामूहिक प्रत्युपायांच्या बाजूने आहे. आमचा मित्र गप्प झाला नाही, पण त्याने पुढच्या वेळेपर्यंत मुदत मागितली. छोट्या देशाला कायद्याची गरज मोठ्यापेक्षा जास्त असते, हे मला त्या एका पानावरून कळलं.

खऱ्या घटनांचा विभागही चांगला आहे, प्रत्येक घटनेला एक पान, कधी झालं, कोणावर संशय, निशाण्यावर कोण, काय परिणाम, नंतर काय झालं, आणि कुठल्या सिनॅरिओत त्याचा विचार केलाय. युक्रेनची वीज डिसेंबर २०१५ मधे गेली ती, सुमारे सव्वादोन लाख ग्राहक काही तास अंधारात. २०१७ च्या मे महिन्यातलं वॉनाक्राय आणि जूनमधलं नॉटपेट्या ही जगभर पसरलेली मालवेअर, दोन्हींमधे वापरलेलं शस्त्र मुळात एनएसए या अमेरिकन गुप्तचर संस्थेच्या कपाटातून गळालेलं, त्यावर सातवा सिनॅरिओ आहे. आणि फेब्रुवारी २०२२ मधे युक्रेनवर आक्रमण सुरू झालं त्याच दिवशी पडलेलं वायासॅटचं उपग्रह नेटवर्क, ज्याच्यामुळे मध्य युरोपातल्या ५,८०० पवनचक्क्यांशी कंपनीचा रिमोट संपर्क तुटला. हल्ला एकीकडे, झळ तिसऱ्याच देशांना. युद्धकाळातले जे सिनॅरिओ आहेत, म्हणजे डेटा ही वस्तू मानायची का, सायबर ऑपरेटरला सैनिक धरायचं का, ते मी अजून पूर्ण वाचलेले नाहीत, मला ते जड गेले, म्हणून त्यांच्याबद्दल बोलत नाही.

आता तक्रारी, आणि त्या मनापासूनच्या आहेत.

पहिली भाषेची. सगळं इंग्रजीत, तेही कायद्याचं इंग्रजी. एकेका परिच्छेदात चार-चार तळटीपा. ज्यांच्या दवाखान्यांवर हल्ले होतात त्यातल्या बहुतेकांची ही भाषा नाही. निदान गोष्टी आणि चेकलिस्ट तरी बाकीच्या भाषांत आणायला हव्यात, विश्लेषण राहू दे इंग्रजीत.

दुसरी, आणि ही मोठी. ते ११ नॉर्म्स इथे वाचकाच्या हाताला नीट लागत नाहीत. टूलकिट कायद्याचं आहे हे मला कळतं, नावातच आहे. पण खऱ्या जगात देश एकमेकांशी बोलतात तेव्हा कायदा, नॉर्म्स, विश्वास वाढवणारे उपाय आणि दुबळ्या देशांची क्षमता वाढवणं हे चारही एकत्र चालतं, यूएनची चौकटच त्या चार पायांची आहे. टूलकिट एका पायाबद्दल फार सुंदर सांगतं आणि बाकीच्या तिघांकडे ओझरतं बघतं. त्यामुळे नवीन वाचकाचा असा समज होतो की हल्ला झाला की पहिलं काम प्रत्युपायाचं गणित मांडणं. प्रत्यक्षात पहिलं काम असतं फोन लावणं. मे २०२४ मधे यूएनने देशांच्या संपर्क व्यक्तींची जागतिक डिरेक्टरी सुरू केली, त्यात प्रत्येक देश एक राजनैतिक आणि एक तांत्रिक संपर्क देऊ शकतो, कशासाठी, तर तुमच्याकडच्या या सर्व्हरवरून आमच्याकडे काहीतरी येतंय, जरा बघता का, एवढं विचारायला कोणीतरी असावं. मला वाटतं प्रत्येक सिनॅरिओच्या सुरुवातीला एक पायरी हवी: फोन केला का, उत्तर आलं का, किती वेळात. चौदाव्या सिनॅरिओमधे बी देशाला माहीत होतं का हा जो प्रश्न आहे, त्याचं उत्तर बऱ्याचदा त्या फोनवरच ठरेल.

तिसरी, भूमिका मांडलेल्या देशांमधे युरोपातले फार. हा टूलकिटचा दोष नाही, ज्यांनी लिहिलंच नाही त्यांचं ते काय छापणार. आफ्रिकन युनियनच्या कागदाने चित्र बरंच बदललं. पण विषयाचं पान उघडून, जगाचं मत हे असं, असं पटकन म्हणू नका, गप्प राहिलेले देश मोजा.

मोबाइलवर वाचायला त्रास होतो, बॉक्स उघडला की पान कुठल्या कुठे जातं. लॅपटॉपच घ्या.

याच्या जोडीला दोन गोष्टी वापरल्या तर वरची दुसरी तक्रार बरीच कमी होते. एक, यूएनच्या निःशस्त्रीकरण कार्यालयाचा सायबर डिप्लोमसीचा ऑनलाइन कोर्स, तोही फुकट, चौकटीचे चारही भाग क्रमाने समजावतो, जरा सरकारी सुरात आहे पण पाया पक्का होतो. दोन, युनिडिर या यूएनच्या संशोधन संस्थेचं सायबर पॉलिसी पोर्टल, तिथे १९३ सदस्य देशांपैकी कुठल्याही देशाचं पान उघडून त्यांचं धोरण, संस्था, कायदे बघता येतात. मी आता आधी कोर्सचा तो भाग, मग टूलकिटचा सिनॅरिओ, मग पोर्टलवर एखादा खरा देश, असं करतो. पाचपैकी साडेचार देईन मी टूलकिटला, अर्धा मी फोनच्या पायरीसाठी राखून ठेवलाय.

कोणासाठी आहे? कायद्याचे विद्यार्थी तर वापरतीलच. पण सायबरच्या बातम्या लिहिणाऱ्या पत्रकारांनी नॅशनल पोझिशन्सचं पान बुकमार्क करून ठेवावं, आणि माझ्यासारख्या लॉग बघणाऱ्या माणसांनी निदान चौदावा आणि एकविसावा हे दोन सिनॅरिओ वाचावेत, बाकी नाही वाचले तरी चालेल. आपण लिहिलेली ओळ वर वर जात कुठे पोचते हे आपल्याला माहीत नसतं. सर्ट टीमकडे जाते, तिथून खात्याकडे, तिथून कोणाच्या तरी भाषणात.

नवीन ठिकाणी आमच्या इन्सिडेंट रिपोर्टच्या फॉर्ममधे "हल्ला करणारा देश" असा एक रकाना होता, वर्षानुवर्षं चालत आलेला. मागच्या महिन्यात तो मी काढायला लावला. त्या जागी आता तीन आहेत: ट्रॅफिक शेवटी कुठून आलं, ते मशीन कोणाच्या ताब्यात आहे, आणि तिथल्या टीमला कळवलं का, कधी. तिसरा रकाना गेल्या आठवड्यात पहिल्यांदा भरला. दुसऱ्या देशातल्या एका टीमला मी मेल केलं, त्यांनी सहा तासांत त्यांच्याकडचा तो सर्व्हर बंद करून कळवलं की मशीन त्यांच्या एका शाळेचं होतं आणि शाळेला यातलं काही माहीत नव्हतं.